बुधवारचा निरोप

मनमाड,
ता. २ डिसेंबर २०२५

उज्वलास,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझ्या नावाआधी काय लिहावं ते ठरेना. 'सौ.' लिहायचं नाही एवढं माहीत आहे. दुसरं जे लिहितात ते लिहायला हात धजेना. म्हणून नुसतं नाव घातलं आहे. पोस्टमनला कळेल.

आपण दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून मी गेणूचा थोरला, तुझा भाया, आणि तू भावजय. आपल्या घरातली रीत होती, कोणी मोडली नाही. जे सांगायचं ते गेणूमार्फत. मी ओसरीवर, तू स्वयंपाकघरात, आणि तो उंबऱ्यावर बसून दोन्हीकडे निरोप पोचवायचा. "दादा म्हणतो भाजीत मीठ जास्त झालं." मग आत कान देऊन, "ती म्हणती उद्या दादालाच करू द्या." तू खरंच तसं म्हणायचीस की तो पदरचं घालायचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुझी जाऊ होती तोवर तिच्याकडून तरी काही कळायचं. ती जाऊन सहा वर्षं झाली. आता गेणूही नाही. म्हणून हा कागद.

मला एकच गोष्ट विचारायची आहे.

रविवारी, नऊ नोव्हेंबरला, मी गेणूला फोनवर सांगितलं की मका काढून घे, पावसाने भिजलेली आहे, अजून थांबलास तर उभ्या ताटावर कणसांना मोड येतील. जरा जोरात सांगितलं. ते मी नाकारत नाही. पण मंगळवारी आमच्याकडे पुन्हा पाऊस झाला. बुधवारी अंकाईकडच्या एकाचा ट्रॅक्टर मक्याच्या वावरात रुतल्याचं कानावर आलं. त्याच संध्याकाळी मी परत फोन केला. सात वाजून दहा मिनिटं. माझ्या मोबाइलमध्ये नोंद आहे, एक मिनिट चार सेकंद. फोन उचलला गेला, पण पलीकडून कोणी बोललं नाही. मला वाटलं गेणूच आहे, रविवारच्या बोलण्याचा राग धरून गप्प बसला आहे. मी म्हणालो, "गेणू, थांब. वावरात ट्रॅक्टर घालू नको. आठ दिवस जमीन वाळू दे. मका गेली तर जाऊ दे." आणि ठेवला.

गुरुवारी सकाळी तो ट्रॉली घेऊन वावरात गेला. ट्रॉली रुतली, ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली, आणि ट्रॅक्टर त्याच्यावर उलटला.

माझा निरोप त्याला पोचला होता का? ऐकूनही तो गेला, की त्याला तो मिळालाच नाही?

दशक्रियेला हर्षल सगळ्यांसमोर काय बोलला ते तू ऐकलंस. "यांच्या फोनानं माझा बाप मारला. रविवारी एकदा, बुधवारी एकदा. मनमाडला पंख्याखाली बसून." त्याच्या हातात गेणूचा मोबाइल होता आणि त्यात माझं नाव होतं. भावाचा पिंड समोर असताना साक्षीपुरावे काय द्यायचे. पण आठवीपासून आयटीआय होईपर्यंत तो पोरगा माझ्या घरात वाढला आहे. मला मोठे पप्पा म्हणायचा. आता माझा विषय निघाला की 'मनमाडवाले' म्हणतो, असं कळलं. घरी पाऊल ठेवू नका म्हणाला, म्हणून येत नाही.

बुधवारी फोन कोणी उचलला होता ते कळव. हर्षलला तेवढं सांगणारं एक माणूस हवं.

मक्याच्या राशीवरचा प्लास्टिकचा कागद काढला का?

सावळीराम


मळा,
ता. १४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप भाऊंस,
उज्वलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, माफी असावी.

राशीचं विचारलंत. त्या दिवशी सकाळी मळणीयंत्र आठलाच आलं होतं. आदल्या दोन दिवसांत वरच्या वावरातली कणसं आणून अंगणात टाकली होती, त्यांची मळणी होत आली होती. नाल्याकडची खेप आणायला हे गेले. नंतर कोणीतरी राशीवर प्लास्टिकचा कागद ओढला आणि कडेने विटा ठेवल्या. दाणा ओलाच होता. तुम्ही आलात आणि सगळ्यांना सांगितलंत, आपल्यात सुतकात राशीला हात लावत नाहीत, तेराव्यानंतर बघू. कोणी लावला नाही.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी कागद काढला. आतून वाफ आली. कोपरापर्यंत हात घातला तर चटका बसला. वरचा थर हिरवा, मधला काळा, खालच्या दाण्यांना बोटभर मोड. वास आंबलेला, दारूसारखा. गोटीराम व्यापारी बघायला आला होता. मूठभर दाणे नाकाशी नेऊन म्हणाला, "वहिनी, ही मका नाय. हिला बाटल्यांत भरा, लय गिऱ्हाईक येईल." मग आपण कोणाच्या दारात उभे आहोत ते त्याच्या लक्षात आलं. मान खाली घालून, चहा न घेता गेला.

गाय गाभण आहे. जनावरांना यातलं काही घालू नका असं डॉक्टर सांगून गेले. मी आणि दोन बायांनी पाट्या भरभरून ती उकिरड्यावर नेऊन टाकली. दोन दिवस लागले. कोंबड्यासुद्धा तिकडे फिरकत नाहीत. नाल्याकडे जी उभी होती ती आडवी झाली, तिच्यावर शेजाऱ्यांनी रोटाव्हेटर फिरवून दिला. आपला ट्रॅक्टर सरळ करून बांधाच्या कडेला ठेवला आहे. हर्षल म्हणतो विकून टाकू. मी अजून हो म्हटलेलं नाही.

म्हणजे ज्या मक्यासाठी हे गेले तिचा एक दाणा घरात आला नाही.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. त्या संध्याकाळी घरात सारखी ये-जा होती. मजूर होते, यंत्रवाल्याचा माणूस येऊन गेला. मोबाइल खिडकीत चार्जिंगला लावलेला होता. कोणी उचलला ते मला सांगता येणार नाही.

हर्षलचं मनाला लावून घेऊ नका. बाप गेलेलं पोर आहे. कुठेतरी राग काढणारच.

तब्येतीस जपावे.

उज्वला


मनमाड,
ता. २२ डिसेंबर २०२५

उज्वलास,
अनेक आशीर्वाद.

राशीचं वाचलं. तू दोष दिला नाहीस, पण तो माझा आहे. मी एकतीस वर्षं रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो. पावसात भिजलेली धान्याची वाघीण उघडली की आतून कशी वाफ येते आणि कसला वास येतो, हे मला गावातल्या कोणाहूनही जास्त माहीत. ओलं धान्य झाकून ठेवायचं नसतं. तरी मी रीत सांगितली. त्या दिवशी सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मोठ्या माणसाने काहीतरी सांगायला हवं असतं. दुसरं काही सुचलं नाही.

मागच्या गुरुवारी ओझरला, हर्षलच्या खोलीवर जाऊन आलो. त्याच्या शाळेच्या, आयटीआयच्या मार्कशीट माझ्या कपाटात होत्या, त्या द्यायचं निमित्त केलं. खोलीच्या बाहेर, रस्त्यावरच उभा राहिला. आत ये म्हणाला नाही. पाकीट घेतलं.

"अजून काय राहिलंय माझं तिकडं?"

"सायकल आहे."

"विकून टाका."

"चेन नवीन टाकलीये मागच्याच वर्षी."

"मग द्या कोणाला फुकट. तुम्हाला लय सवय हाय दुसऱ्याला सांगायची, सांगा कोणालातरी घेऊन जा म्हणून."

मी परत आलो. सायकल जिन्याखाली आहे.

आता फोनचं. घरात ये-जा होती असं तू लिहितेस. मी तुला खोटं पाडत नाही. पण तो एक मिनिट मी पुन्हा पुन्हा आठवून बघितला आहे. मला माणसांचा आवाज आला नाही. मी बोलत असताना, मका गेली तर जाऊ दे म्हणालो तेव्हा, दूध उतू गेल्याचा आवाज आला. शेगडीवर पडून चर्र झालं. बराच वेळ होत राहिलं आणि कोणी गॅस बंद केला नाही. गेणू असता तर फोन कानाला तसाच ठेवून ओरडला असता, "अगं दूध!" लहानपणी आईला ओरडायचा तसा.

फोन कोणीतरी हातात घट्ट धरून उभं होतं.

मी एवढंच लिहितो. तुला वाटेल तेव्हा उत्तर दे.

सावळीराम


मळा,
ता. ११ जानेवारी २०२६

तीर्थरूप भाऊंस,
सा. नमस्कार.

फोन मी उचलला होता.

हे मजुरांच्या पालावर गेले होते. मोबाइल वाजला तेव्हा मी दूध तापवत होते. स्क्रीनवर 'दादा' होतं. तुमचा फोन मी कधी उचलत नाही. पण आधी एकदा वाजून बंद झाला होता, आणि दुपारीच हे माझ्यावर खेकसले होते की फोन वाजतो आणि घरात कोणी बघत नाही. म्हटलं उचलून धरावा, तोवर हे येतील. तुम्ही लगेच बोलायला लागलात. गेणू म्हणून हाक मारलीत. मी आहे असं म्हणायचं होतं, पण तीस वर्षांत तुमच्याशी एक शब्द बोलले नव्हते, तोंड उघडलं नाही. यांच्या जागी उभी राहून मी तुमचं सगळं ऐकलं.

थांब म्हणालात ते ऐकलं. आठ दिवस म्हणालात तेही. आणि मग म्हणालात, मका गेली तर जाऊ दे.

भाऊ, ती मका मी दाणा दाणा टोकून लावली होती. दोन वेळा खुरपली. लष्करी अळी पडली तेव्हा एकेका ताटाच्या पोंग्यात चिमटीने औषध मी टाकलं, तीन एकर, वाकून वाकून. चार महिने पावसात उभी होती, टिकली. आणि तुम्ही मनमाडहून म्हणालात जाऊ दे. रविवारी काढ, बुधवारी जाऊ दे. दर वर्षी असंच. कधी पेरायचं, कोणतं बी घ्यायचं, कधी काढायचं, सगळं तुमच्या फोनवर, आणि आम्ही मान हलवायची. माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात हे आले, मागे मंगळू. हरसूलकडचा, दर वर्षी बायकोला घेऊन येतो तोच. दारातूनच म्हणाला, "बाई, उद्या काम नाय तं आमी जातो. आमचा भात उभा हाय तिकडं, त्यो कोण काढील?" तो गेला असता तर दुसरे मजूर मिळणार नव्हते. सगळ्या गावाची मका एकदमच काढायला आली होती.

यांनी विचारलं, "कोणाचा फोन व्हता?"

"भाऊंचा."

"मग? काय म्हणला?"

मी म्हणाले, "काढून घ्या म्हणाले. उद्याच."

हे हसले. म्हणाले, "दादा रेल्वेतला माणूस. त्याला वाटतं मका पण टाइमटेबलावर पिकती." आणि मंगळूला सांगितलं, उद्या सकाळी लाग.

मी माझ्या तोंडाने काढा म्हणाले असते तर ते थांबले असते की गेले असते, देव जाणे. तुमच्या नावावर जातील हे मला माहीत होतं. म्हणून तुमचं नाव घेतलं.

सकाळी वावराकडे बघून आले आणि म्हणाले, "खाली अजून पचपच करतंय गं. एक दिवस थांबू का?" मी म्हणाले, "भाऊंना काय सांगाल मग?" चहाचा कप तसाच ठेवून ट्रॅक्टर सुरू केला.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. हर्षल घाटावर बोलला तेव्हा मी दोन पावलांवर होते. एक शब्द बोलले असते तर तुमची मान वर झाली असती. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडते आहे.

आधीच्या पत्रात तुम्हाला खोटं लिहिलं. वर राशीचंही ऐकवलं.

तुमचा एक शब्द मोडला, माणूस गेलं. दुसरा पाळला, रास गेली. आता तुम्ही काय सांगाल आणि मी काय करावं ते मला कळत नाही.

हर्षलला सांगायचं तर तुम्ही सांगा. माझ्याने होत नाही. मला आता हर्षल एकच आहे. पण तुमचाही तोच एक होता, म्हणून तुम्हाला अडवत नाही.

उज्वला


मनमाड,
ता. १२ फेब्रुवारी २०२६

उज्वलास,

तुझ्या पत्राला महिना लावला.

हा महिना कसा गेला ते सांगतो. दोनदा पत्र खिशात घालून ओझरच्या गाडीत बसलो. पहिल्यांदा पिंपळगावला उतरून परत फिरलो. दुसऱ्यांदा त्याच्या कंपनीच्या गेटपर्यंत गेलो. सुट्टी झाली. चार पोरांबरोबर बाहेर आला, कोणाच्या तरी बोलण्यावर हसत होता. गेणू हसायचा तसाच, मान मागे टाकून. नोव्हेंबरपासून मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. मी पानटपरीच्या आड उभा राहिलो. पत्र खिशातच राहिलं.

माफ केलं असं मी लिहीत नाही. लिहिलं तर खोटं होईल. माझं नाव घेऊन तू माझ्या भावाला चिखलात घातलंस. हे वाचलं त्या दिवशी तू समोर असतीस तर रीतभात सोडून बोललो असतो.

पण दुसरंही लिहायला हवं. जमीन पचपच करते हे त्याला दिसत होतं. चोपन्न वर्षांचा माणूस, जन्म त्या वावरात गेला. तरी, भाऊंना काय सांगाल, एवढं विचारल्यावर तो उठला. ही सवय त्याला तू लावली नाहीस. वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. तेव्हापासून ती मी लावली. मला वाटायचं त्याला माझा मान आहे.

गावात जे बोलतात ते बोलू देत. हर्षललाही मी सांगणार नाही. तुझा एक माणूस गेलाच आहे, मी दुसराही काढून घेऊन काय करू. मी सत्तरीला आलो. किती दिवस मनमाडवाले म्हणेल.

तुझं पत्र सोबत परत पाठवतो आहे. ते माझ्याकडे राहिलं तर एखाद्या दिवशी, एकटा असताना, मी ते त्याला नेऊन देईन. माझा मला भरवसा नाही.

यंदा काय पेरायचं ते तू ठरव. मला विचारू नको.

एक मात्र सांगतो. त्या बुधवारी तू नुसतं 'हूं' केलं असतंस तरी मी ओळखलं असतं की हा गेणू नाही. मग मी पुन्हा फोन केला असता. पुढे कधी माझा फोन आला तर हूं म्हण. रीत सांभाळायला आता उंबऱ्यावर कोणी बसलेलं नाही.

सावळीराम


मळा,
ता. ८ मार्च २०२६

तीर्थरूप भाऊंस,
सा. नमस्कार.

तुम्ही सांगितलंत म्हणून फोनच करणार होते. दोनदा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत कापला. शेवटी पुन्हा कागदच.

तुम्ही परत पाठवलेलं पत्र दोन आठवडे पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. होळीला हर्षल घरी आला. होळीत टाकावं म्हणून पत्र कमरेला खोचून गेले. सगळे नारळ टाकत होते. तो माझ्या शेजारी उभा होता आणि एक पाहुणा त्याला म्हणाला, "तुझे मनमाडवाले नाय आले?" हर्षल म्हणाला, "कशाला येतील? बघायला का अजून कोण उरलंय?" आणि दोघं हसले.

पत्र मी त्याच्या हातात दिलं.

घरी येऊन त्याने ओट्याजवळ उभ्या उभ्या वाचलं. दोनदा वाचलं. मग विचारलं, "बुधवारचा फोन म्हणजे हा?" मी हो म्हणाले. पोळी ताटात वाढलेली होती, तशीच राहिली. सकाळी उठले तर घरात नव्हता. नाल्याकडे ट्रॅक्टरपाशी उभा दिसला. ऊन वर येईपर्यंत तिथेच होता. आला, बॅग भरली. मी डबा बांधला होता तो घेतला नाही. पाया पडला नाही. आई म्हणून हाक मारली नाही.

गाडीला किक मारल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोठ्या पप्पांचा नंबर तोच हाय ना?"

मी हो म्हणाले.

त्याला आता पाच दिवस झाले. मला त्याचा फोन नाही. तुम्हाला आला की नाही मला माहीत नाही. आला तर उचला. बहुतेक तो काही बोलणार नाही. कोण आहे म्हणून विचारू नका, आणि तुम्ही आधी ठेवू नका.

उज्वला